तुम्ही विचारलंत म्हणून : यागरच का?

पिट्सबर्गला राहायला आल्यापासून मी आइस हॉकी बघते, आणि तेव्हापासून हा प्रश्न घरीदारी माझ्या मागे आहे. परवा तुम्हीही विचारलंत: ‘वेन ग्रेट्झकीसारखा खेळाडू झाला नाही म्हणतात, तुमच्याच गावच्या संघाचा मारिओ लेमियू आहे, मग तुमच्या तोंडी सदान्‌कदा त्या यारोमिर यागरचंच नाव का?’

वेग गेल्यावरही फॉरवर्ड किती मोठा राहू शकतो, हे त्याच्याइतकं कुणी दाखवलेलं नाही, म्हणून.

हे कळायला फॉरवर्डचं काम आधी समजून घ्यायला हवं. बर्फावर एका संघाचे सहा जण असतात: एक गोलरक्षक, दोन बचावपटू आणि गोलसाठी चढाई करणारे तीन फॉरवर्ड. फॉरवर्ड एका वेळी जेमतेम पाऊण मिनिट खेळतो, जीव तोडून स्केटिंग करतो आणि बाकावर येऊन धापा टाकतो. थोड्या वेळाने पुन्हा आत. सगळी मदार पायांवर. त्यामुळे तिशी ओलांडली की बहुतेकांची उतरण लागते. यागर एनएचएलमध्ये (अमेरिका-कॅनडातल्या मुख्य आइस हॉकी लीगमध्ये) २४ हंगाम खेळला आणि पंचेचाळीस वर्षांचा होईपर्यंत खेळला.

तो प्रागजवळच्या क्लाड्नोचा, पोलादाच्या कारखान्यांच्या गावातला. जन्म १९७२चा. पाठीवरचा ६८ हा आकडा १९६८ सालासाठी आहे. त्या वर्षी सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात घुसले आणि त्याच वर्षी त्याचे आजोबा गेले. शेत सरकारजमा करायला नकार दिला म्हणून त्यांनी तुरुंग भोगला होता. कम्युनिस्ट राजवटीत तिकडच्या खेळाडूला एनएचएलमध्ये यायचं तर बहुधा देश सोडून पळून यावं लागे. १९८९मध्ये ती राजवट कोसळली आणि पुढच्याच वर्षी अठरा वर्षांचा यागर उजळ माथ्याने पिट्सबर्ग पेंग्विन्समध्ये आला. इंग्रजीची बोंब, त्यात घरची आठवण. संघाने त्याच हंगामात यिर्शी ह्र्दिना हा चेक खेळाडू आणला, त्याचा यागरला फार आधार झाला. मला ही गोष्ट मनापासून आवडते. पोराला बोलायला आपलं माणूस लागतं, हे तिथे कुणाला तरी कळलं.

सुरुवातीचा यागर म्हणजे नुसती वीज. मैदानी हॉकीत सगळ्यांची स्टिक उजव्या हाताचीच असते. आइस हॉकीत डावी-उजवी दोन्ही चालतात आणि स्टिकच्या पात्याच्या दोन्ही बाजूंनी पक (चेंडूऐवजीची चपटी रबरी चकती) मारता येतो. यागर डावखुऱ्या स्टिकने उजव्या बाजूला खेळायचा. कडेच्या कठड्यालगत आलेला पास घेणं त्यामुळे अवघड जातं, पण आत वळलं की स्टिक आयतीच मैदानाच्या मध्याकडे असते आणि गोलचा कोन मोठा होतो. १९९२च्या स्टॅन्ली कपच्या, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाच्या, अंतिम मालिकेतला पहिला सामना बघा. शिकागो ४-१ने पुढे. पेंग्विन्स एकेक गोल फेडत ४-३वर आलेले. यागर कठड्याजवळ पक घेतो, एकामागून एक बचावपटूंना चकवत आत घुसतो आणि पात्याच्या उलट्या बाजूने गोल करतो. अखेरची तेरा सेकंद उरलेली असताना लेमियूने सामना जिंकून दिला, आणि त्यामुळे तो लेमियूचा सामना म्हणून सांगितला जातो. माझ्या लेखी तो यागरचा.

पुढचं भराभर सांगते. १९९१ आणि १९९२ असे दोन स्टॅन्ली कप. हंगामात सर्वाधिक गुणांचा (स्वतःचे गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून) मान पाच वेळा. १९९५-९६मध्ये ६२ गोल, १४९ गुण. १९९८मध्ये नागानोला ऑलिंपिक सुवर्ण. मग वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्कचे संघ, आणि २००८पासून तीन वर्षं सैबेरियात ओम्स्कला. तो संपला असंच बहुतेकांनी धरलं होतं. २०११मध्ये तो एनएचएलमध्ये परत आला.

माझं खरं प्रेम बसलं ते या परत आलेल्या यागरवर. वेग ओसरला होता. सव्वासहा फूट उंची, शंभरावर किलो वजन. हा गडी कोपऱ्यात पक घेऊन प्रतिस्पर्ध्याकडे पाठ करून उभा राहायचा. गुडघे वाकवलेले, कंबर मागे काढलेली, पक लांब धरलेला. मागून वीस-बावीस वर्षांचा बचावपटू ढकलतोय, स्टिक खुपसतोय, आणि पक काही त्याच्या हाती लागत नाही. यागर ढकलणाऱ्याचाच जोर वापरून वळायचा आणि मधल्या मोकळ्या खेळाडूकडे पास सरकवायचा. यामागे अंगावर वजनं बांधून रात्री उशिरा रिकाम्या रिंकवर केलेला सराव होता. फ्लोरिडा पँथर्सकडून २०१५-१६मध्ये त्याने ६६ गुण मिळवले, संघात सर्वाधिक. त्या हंगामात तो चव्वेचाळीस वर्षांचा झाला. मला हे १४९ गुणांपेक्षा मोठं वाटतं, आणि यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

एनएचएलमध्ये त्याचे एकूण गुण १९२१, ग्रेट्झकीखालोखाल. ग्रेट्झकीचे २८५७ आहेत. ओम्स्कची तीन वर्षं आणि मालक-खेळाडूंच्या भांडणात बुडालेला २००४-०५चा हंगाम धरला तरी ते अंतर मिटत नाही. तसा दावा मी कधी करतही नाही.

पेंग्विन्स सोडून गेल्याबद्दल आमच्या गावाने त्याला बरीच वर्षं माफ केलं नव्हतं. फिलाडेल्फियाच्या जर्सीत तो इथे खेळायला आला तेव्हा लोकांनी हुर्यो उडवली. फेब्रुवारी २०२४मध्ये मात्र ६८ हा आकडा इथे सन्मानाने निवृत्त झाला, आणि त्या दिवशी सामन्याआधीच्या सरावाला तो स्वतः पेंग्विन्सच्या जर्सीत बर्फावर उतरला. पन्नाशी उलटल्यावरही तो स्वतःच्याच मालकीच्या क्लाड्नोच्या क्लबकडून खेळत राहिला. मालक स्वतः खेळतोय म्हटल्यावर तिकिटं खपतात, प्रायोजक टिकतात. गावचा क्लब जगवायला हेही लागतंच.

तुम्हाला बघायचंच असेल, तर १९९२चा तो सामना आधी बघा आणि लगेच पँथर्सच्या त्या हंगामातला कुठलाही एक. दुसरा बघताना पकवर नजर ठेवू नका. यागरच्या कमरेवर ठेवा.