फक्कीची रेघ आणि कैकेयीचा रुसवा

डिसेंबरचा दुसरा आठवडा लागला की शाळेच्या पटांगणात सकाळी साडेसहालाच मैदान आखायच्या पांढऱ्या फक्कीचं पोतं सुटायचं. कार्यक्रमपत्रिकेवर ‘वार्षिक स्नेहसंमेलन’ असं छापलेलं असलं तरी सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द, गॅदरिंग. आधी चार-पाच दिवस सामने, मग दोन-तीन संध्याकाळी रंगमंच. नाच असायचे, समूहगीत असायचं, चित्रांचं आणि रांगोळीचं प्रदर्शनही असायचं. पण फाटकातून आत येणारा प्रत्येक जण दोनच गोष्टी विचारायचा: कबड्डीची फायनल कोणाकोणात? आणि यंदा कैकेयी कोण?

गॅदरिंगचा खरा जीव या दोन प्रश्नांत होता. एकीकडे बाद फेरी, जिथे हरलं की वर्षभराची तयारी तिथेच संपते. दुसरीकडे खलनायिका, जी रंगमंचावर आली की मागच्या बाकावरची कुजबुजसुद्धा थांबते. आणि दोन्हींना लागतो दम, अगदी शब्दशः छातीत भरून घेतलेला श्वास.

सुरुवात मैदान आखण्यापासून. मुलींच्या कबड्डीला १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद मैदान लागतं, मोठ्या मुलांना १३ बाय १०. चार खुंट्या ठोकून सुतळी ताणली की काम झालं असं वाटतं, पण चौकोन तिरका झालाय हे डोळ्याला कळत नाही. ते कळतं टेपने. दोन्ही कर्ण मोजायचे. १२ बाय ८ च्या मैदानात ते साधारण १४ मीटर ४२ सेंटिमीटर भरले पाहिजेत. एक जास्त आणि दुसरा कमी भरला तर खुंटी हलवायची. मधोमध मध्यरेषा, तिच्यापासून ३ मीटरवर निदानरेषा, तिच्यापुढे १ मीटरवर बोनस रेषा आणि दोन्ही कडांना १-१ मीटरचं राखीव क्षेत्र. भोकं पाडलेल्या डब्यातून फक्की सोडत सुतळीच्या कडेकडेने चालत जायचं. सुतळी ढिली पडली की रेघ मधेच पोट काढते, आणि मग पाय रेघेच्या आत होता की बाहेर यावर उपांत्य सामन्यात दहा मिनिटं वाद होतो. फक्की संपली म्हणून कळीचा चुना मात्र कधीही टाकू नये. घामाने ओलं अंग त्यावर घासलं की कातडी भाजते आणि डोळ्यांत गेला तर दवाखानाच. आदल्या संध्याकाळी मैदानावर पाणी मारून ठेवलं तर माती बसते. सकाळी मारलं तर पहिल्याच सामन्यात चिखल होतो आणि रेघाही वाहून जातात.

मग सोडत. हे काम सोपं वाटतं आणि सगळ्यात जास्त भांडणं इथेच होतात. समजा ११ तुकड्यांचे संघ आहेत. २, ४, ८, १६ या क्रमात ११ च्या पुढचा आकडा १६, म्हणून १६ वजा ११ म्हणजे ५ संघांना पहिल्या फेरीत पुढे चाल, म्हणजे न खेळताच थेट दुसरी फेरी. ६ संघ वरच्या गटात, ५ खालच्या गटात. पहिली चाल खालच्या गटातल्या शेवटच्या संघाला, दुसरी वरच्या गटातल्या पहिल्याला, तिसरी खालच्या गटातल्या पहिल्याला, चौथी वरच्या गटातल्या शेवटच्याला आणि पाचवी परत खालच्या गटात, शेवटून दुसऱ्याला. म्हणजे पहिल्या फेरीत फक्त ३ सामने होतात आणि दोन्ही गटांत चार-चार संघ उरतात. पुढे उपउपांत्य, उपांत्य, अंतिम. एकूण सामने १०, कारण प्रत्येक सामन्यात एकच संघ बाहेर जातो आणि शेवटी एकालाच उरायचं असतं. हा हिशेब फळ्यावर सगळ्यांसमोर मांडला आणि चिठ्ठ्या पाचवीच्या लहान पोराकडून काढून घेतल्या, तर ‘नववी ब ला मुद्दाम चाल दिली’ असं म्हणायला कोणाला जागा राहत नाही. साखळी पद्धतीने तेच ११ संघ खेळवायचे तर ५५ सामने होतात, त्यात नाताळच उजाडेल. आणि खरं सांगायचं तर बाद फेरीची धाकधूक साखळीला येतच नाही.

मुलींचा सामना १५ मिनिटांचा डाव, ५ मिनिटं विश्रांती, पुन्हा १५. मैदानात ७ जणी. चढाईला निघालेलीचा ‘कबड्डी कबड्डी’ मध्यरेषा ओलांडण्याआधी सुरू झाला पाहिजे आणि परत येईपर्यंत एकाच श्वासात चालला पाहिजे. चढाईला वेळ ३० सेकंद. शाळेतल्या सामन्यांत सगळ्यात जास्त मुली इथेच बाद होतात. पकडीत न सापडताही दम सुटतो. कारण सरळ आहे, पहिल्याच पाच सेकंदांत मोठ्याने ओरडून श्वास संपवतात. सरावात तोंडातल्या तोंडात, पण पंचाला ऐकू जाईल इतक्याच आवाजात, एका दमात ३० सेकंद म्हणायची सवय लावावी लागते. समोर ६ किंवा ७ जणी असल्या तरच बोनस रेषा ओलांडल्याचा गुण मिळतो, हे चढाईच्या गडबडीत विसरलं जातं. ३ किंवा कमी जणी उरल्या असताना केलेली पकड मात्र २ गुण देते, म्हणून हरत आलेला संघ तिथून उठतो. पूर्ण संघ बाद झाला की लोण, आणि लोणाचे २ गुण जादा.

आता दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाई करणारीच बाद. त्या तिसऱ्या चढाईला पटांगण जसं गप्प होतं, तसं दुसऱ्या कशाने होत नाही. आणि अंतिम सामना बरोबरीत सुटला, तर दोन्ही संघांना ५-५ चढाया, प्रत्येक वेळी वेगळी खेळाडू, निदानरेषाच बोनस रेषा धरायची, कोणी बाद होऊन बाहेर जायचं नाही, फक्त गुण मोजायचे. तरीही बरोबरी राहिली तर नाणेफेक आणि निर्णायक अशी सुवर्ण चढाई. गुणलेखकाने पाच जणींची नावं क्रमाने आधी लिहून घ्यावीत. ते राहून गेलं की ऐन वेळी तीच मुलगी दोनदा निघते आणि सगळा रंग जातो.

खो-खोलाही गर्दी असायची. मैदान २७ बाय १६ मीटर, ८ जणी आळीपाळीने उलट्या दिशांना तोंडं करून बसलेल्या, नववी पाठलाग करणारी, समोर ३-३ जणींच्या तुकड्या. खो पाठीमागूनच द्यायचा, हात लागणं आणि शब्द उमटणं एकाच वेळी. शब्द आधी निसटला की फाऊल. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला आणि दोन्ही कर्णधार, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, महाराष्ट्राचे होते. हा खेळ शाळेच्या पटांगणातच वाढला, त्यामुळे त्या रात्री कितीतरी घरांत आपल्या गॅदरिंगचा खांब आठवला असणार.

संध्याकाळी मात्र सगळ्यांचे पाय रंगमंचाकडे. राम-सीतेच्या भूमिकांसाठी देखणी मुलं शोधली जायची, पण कैकेयी निवडताना शिक्षक वेगळी कसोटी लावायचे. लांब वाक्य एका दमात, आवाज न फाटता, शेवटच्या रांगेपर्यंत कोण पोचवतं? चांगली चढाई करणारी मुलगी इथे हमखास पुढे असते. तिला श्वास पोटातून घ्यायची आणि तो पुरवून वापरायची सवय झालेली असते. संहितेत पेन्सिलीने तिरक्या रेघा मारून श्वास कुठे घ्यायचा ते ठरवायचं, आणि ‘भरताला राज्य’ व ‘रामाला चौदा वर्षं वनवास’ या दोन वरांच्या मधे एकही रेघ मारायची नाही असं बऱ्याच जणींना वाटतं. तिथेच प्रवेश पडतो. पहिला वर मागून तीन आकडे मोजेपर्यंत थांबायचं. दशरथ सावरतोय असं वाटू द्यायचं. मग दुसरा वर, आवाज आणखी खाली आणून. सुरुवातीपासून किंचाळणारी कैकेयी दहा मिनिटांत प्रेक्षकांना कंटाळवाणी होते, तिला चढायला पुढे पायरीच उरत नाही.

या प्रवेशाची बांधणी किती पक्की आहे पाहा. रामाच्या अभिषेकाची बातमी मंथरा आणते तेव्हा वाल्मीकींची कैकेयी आधी आनंदते, मंथरेला दागिना काढून देते. मंथरेची पहिली चढाई रिकामी. ती पुन्हा समजावते, कैकेयी रामाचे गुणच गाते. तीही रिकामी. मग मंथरा सवतीचा आणि भरताच्या भवितव्याचा मुद्दा काढते आणि तिथे पकड सुटते. खलनायिका जन्मतःच काळी रंगवली तर हे सगळं वाया जातं. प्रेक्षकाला तिचं वळण दिसलं पाहिजे, म्हणून आधीच्या आनंदाला निदान दोन मिनिटं द्यावीत आणि दागिना खरोखर हातात द्यावा.

मंथरेचं कुबड हे वेगळंच काम. उशी पाठीवर ठेवून ओढणी सरळ आडवी बांधली की तिसऱ्या वाक्याला ती कमरेवर घसरते. ओढणी एका खांद्यावरून, काखेखालून, दुसऱ्या खांद्यावरून अशी इंग्रजी आठच्या आकारात फिरवून छातीवर गाठ मारायची, वरून घट्ट चोळी. उशी मधोमध न ठेवता एका खांद्याकडे ठेवली तर चालणं आपोआप वाकडं होतं, मुद्दाम लंगडावं लागत नाही. कानात कुजबुजण्याचे संवाद खऱ्या कुजबुजीत म्हटले तर रंगमंचावर टांगलेल्या माईकला फक्त हवा ऐकू येते. आवाज लहान, पण व्यंजनं ठसठशीत आणि गती अर्धी ठेवायची. कर्णे माईकच्या मागे लावले की शिट्टी वाजते, ते नेहमी माईकच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून. १९८७ मध्ये दूरदर्शनवर रामायण सुरू झालं आणि ललिता पवार मंथरा म्हणून घराघरांत पोचल्या. येवल्याकडच्या या अभिनेत्रीचा एक डोळा चित्रीकरणातल्या अपघातात अधू झाला होता, आणि तीच बारीक झालेली नजर पुढे कजाग सासवांच्या भूमिकांत धाक उभा करत राहिली. त्यानंतर कितीतरी वर्षं प्रत्येक शाळेतली मंथरा एक डोळा बारीक करूनच प्रवेश करायची.

रंगभूषा घरच्या घरी व्हायची. झिंक ऑक्साइड आणि खोबरेल तेल तळहातावर मळून पातळ थर, भुवयांची बाहेरची टोकं काजळाने वर चढवलेली, ओठ गडद. आणि मग खलनायिका आली म्हणून कोणीतरी लाल प्रकाश सोडायचं. हा मोह टाळलेला बरा. लाल प्रकाशात लाल ओठ, लाल कुंकू, गालांची लाली सगळं पुसून जातं आणि चेहरा सपाट दिसतो. हिरवा शालू काळा पडतो. लाल हवाच असेल तर तो मागच्या पडद्यावर टाकावा, चेहऱ्यावर पिवळसर साधा प्रकाश एका बाजूने खालून-तिरका. जिलेटीन पेपर थेट हॅलोजनवर चिकटवला तर पाच मिनिटांत वितळतो, वास सुटतो. चौकटीला लावून वीतभर तरी लांब धरायचा.

ऐतिहासिक नाटुकलं असलं की आनंदीबाई. नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला तो ३० ऑगस्ट १७७३ रोजी, आणि ‘धरावे’चं ‘मारावे’ केल्याची आख्यायिका असलेली आनंदीबाई लोकांच्या मनात कायमची बसली. ‘ध’चा ‘मा’ रंगमंचावर दाखवणं अवघड, कारण तिसऱ्या रांगेलाही अक्षर दिसत नाही. मोठा ताव घेतला तरी प्रेक्षकांना पाठच दिसते. उपाय असा: ती पत्र आधी मोठ्याने वाचते, ‘धरावे’वर थांबते, बोरू दौतीत बुडवते, झटकते, हात एकदाच हलतो, आणि मग तीच ओळ नव्या शब्दासह वाचते. दौत कोरडी ठेवायची. खरी शाई नऊवारीवर सांडली की भाड्याने आणलेल्या कपड्यांचे पैसे भरावे लागतात.

कबड्डीची फायनल आणि नाटक एकाच दिवशी ठेवू नये, निदान एक पूर्ण दिवस मधे सोडावा. फायनलला ओरडून कैकेयीचाच गळा बसतो. मग ज्येष्ठमध, खडीसाखर, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, आणि दिवसभर मौन. बक्षीस समारंभ शेवटच्या संध्याकाळी नाटकाच्या आधी उरकला तर पालक नाटकापर्यंत थांबतात. ढालीवर तुकडीचं नाव कोरलेलं, उत्कृष्ट अभिनयाच्या प्रशस्तिपत्रकावर बहुतेक वर्षी मंथरा नाहीतर कैकेयी. टाळ्या रामाला पडायच्या, पण दुसऱ्या दिवशी पाचवीतली मुलं मधल्या सुट्टीत एकमेकांना वर मागत असायची, तेही कैकेयीच्या आवाजात.

उशी ज्या घरातून आणली तिथे परत जायची, ओढणीच्या गाठीच्या सुरकुत्या तशाच ठेवून. फक्कीच्या रेघा मात्र आठवडाभर राहायच्या. पोरं त्याच रेघांवर शाळा सुटल्यावर फायनल पुन्हा खेळायची, तीच नावं घेऊन, तोच शेवटचा गुण. जानेवारी लागला की २६ च्या संचलनासाठी पाणी मारून त्यांच्यावर नव्या रेघा पडायच्या.