आमची वाटचाल : हापसेवाली गाडी

आम्ही कॅम्पर व्हॅन, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाड्या, भाड्यानं देतो. पाचही गाड्यांत सिंकखाली पायानं दाबायचा पंप आहे. गाडी ताब्यात घेताना नवं गिऱ्हाईक हमखास विचारतं, छतावर सोलर आहे, आत लिथियमची बॅटरी आहे, मग हे जुनाट प्रकरण कशाला? त्याचं उत्तर आम्हाला मोहावीच्या वाळवंटात, अँबॉय क्रेटर या ज्वालामुखीच्या पायथ्याशी मिळालं. २०१९ चा मे महिना होता.

मी कराडची, नवरा नाशिकचा. राहायला कॅलिफोर्नियात, रँचो कुकामोंगाला. २०१८ साली आम्ही १ लाख १० हजार मैल पळालेली एक जुनी मालवाहू व्हॅन घेतली. सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्लाय कापायला मनाई, म्हणून सगळं सुतारकाम एका मित्राच्या अंगणात. वायरिंग नवऱ्यानं केलं, मी पलंग आणि ओटा. पडदे सोलापुरी चादरीचे शिवले. ७५ लिटरची पाण्याची टाकी, विजेवरचा पंप, छोटा फ्रीज. सोलर अजून बसायचं होतं. भाड्यानं देण्याआधी एकदा स्वतः राहून बघू म्हणून निघालो. माझे वडील, अण्णा, तेव्हा कराडहून आले होते. उभा जन्म खडी क्रशरवर गेलेला माणूस. त्यांना डिस्नेलँड काय दाखवणार!

लडलोला मोठा हायवे सोडून जुन्या रूट ६६ ला लागलं की चाळीसेक किलोमीटरवर उजवीकडे तो काळा शंकू दिसतो. उंची जेमतेम ७५ मीटर. आपल्याकडच्या टेकड्यांपुढं काहीच नाही. पण भोवती लाव्हाचं पठार पसरलंय, झाड म्हणाल तर क्रिओसोटची झुडपं. पायथ्याच्या पार्किंगला सावलीचं छप्पर आणि संडास आहे, पाणी नाही. आम्ही पोहे करत बसलो, डबे भरले, फ्रीज लावला, आणि चालायला लागेपर्यंत अकरा वाजले. ही पहिली चूक.

वाट सरळ शंकूवर चढत नाही. पश्चिमेला वळसा घालून जाते. तिथं एके काळी लाव्हानं भिंत फोडून बाहेर धाव घेतली होती, त्या खिंडारातून आपण आरामात आत शिरतो. आत फिकट मातीचे सपाट तुकडे आहेत आणि लोकांनी काळे दगड मांडून त्यावर आपापली नावं लिहिलीत. गडावर कोळशानं लिहिणारे आपल्याकडेच असतात असं नाही.

अण्णांनी एक दगड उचलला. वज्रीसारखा भोकाभोकांचा, हातात हलका. म्हणाले, "दगड आपलाच की गं. पण भोकं रिकामी आहेत. आपल्याकडं त्यात पांढऱ्या गारा असतात." बरोबर होतं त्यांचं. सह्याद्रीचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या पोकळ्यांत पाणी झिरपून स्फटिक धरायला भरपूर काळ मिळाला. अँबॉयचा लाव्हा त्यापुढं कालचं पोर. (बुलढाण्याची मंडळी इथं हटकून लोणार काढतात. लोणार उल्केच्या आघातानं झालं, हा ज्वालामुखी. खडक तेवढा दोन्हीकडे बेसॉल्ट.)

काठावर पोचलो तेव्हा तिघांत अर्धी बाटली पाणी उरलं होतं. उतरताना नवऱ्याच्या बुटाचा तळवा सुटला. डिंक उन्हानं मऊ झालेला, आणि लाव्हाच्या धारेवर पाय पडताच जबडा उघडावा तसा तो टाचेपर्यंत उघडला. माझ्या ओढणीनं बांधला. तरी दर दहा पावलांनी खाली बसून गाठ आवळायची.

गाडीशी आलो, नळ सोडला, थेंब नाही. टाकी भरलेली, पण फ्रीजनं बॅटरी पिऊन टाकली होती. इंजिनवरून ती चार्ज करणारी जोडणी वाटेत ढिली झाली होती, आणि ती आम्हीच केलेली. शेवटी नवरा गाडीखाली झोपला, टाकीच्या बुडाचा कॉक फिरवला आणि मी पातेलं धरलं. पाणी चहाला ठेवल्यासारखं कोमट. तेच प्यायलो. अण्णा सावलीत बसून म्हणाले, "विहीर भरलेली आणि मोटर बंद. लाइट गेली की गावात काय करतात? हापसा बसवा."

मग अँबॉय गावात रॉयजकडे थंड काहीतरी घेतलं. गाव म्हणजे १९५९ पासून उभी असलेली रॉयजची उंच पाटी, पेट्रोलपंप आणि बंद मोटेल. १९७३ मध्ये नवा हायवे झाला आणि या रस्त्यावरची वर्दळ गेली. अण्णांना ते सांगावं लागलं नाही. "बायपास झाला की ढाबा मरतो," एवढंच म्हणाले. धंद्याचं कर्ज डोक्यावर असताना ऐकायला बरं वाटलं नाही.

पुढच्याच महिन्यात पायपंप बसला, आणि गाडी भाड्यानं जायला लागली. पहिल्या वर्षाची कमाई विम्यानं खाल्ली. घरगुती विमा भाड्याच्या गाडीला चालत नाही, व्यावसायिकच घ्यावा लागतो. २०२० च्या मार्चमध्ये सगळी बुकिंग रद्द झाली, हप्ते मात्र चालू. उन्हाळ्यात उलटं झालं. विमान नको, हॉटेल नको म्हणून लोक गाडीसाठी रांगेत. दुसरी व्हॅन तेव्हाची. मधे एका गिऱ्हाइकानं गाडी मऊ वाळूत घातली, टोइंगचं बिल आम्ही भरलं. तेव्हापासून गाडी सोपवायला दीड तास घेतो. फिरून दाखवतो, पंप दाबून घेतो, माणशी किती पाणी घेतलंय ते विचारतो. बूट जुने असले तर तेही बोलून दाखवतो. काहींना राग येतो.

डेथ व्हॅलीसाठी जुलै-ऑगस्टचं बुकिंग आम्ही घेत नाही. तिथं १९१३ साली ५६.७ अंश नोंदलं गेलंय आणि आमचा एसी इंजिन बंद झालं की बंद. हिवाळ्यात खुशाल न्या, तिथलं ज्वालामुखीचं विवर, उबेहेबे क्रेटर, बघा. फक्त बुडाशी उतरायचा मोह आवरा. भुसभुशीत राखेवरून पाच मिनिटांत घसरत खाली जाल, वर येताना एक पाऊल टाकलं की अर्धं मागं.

मराठी गिऱ्हाइकं आता फोनवरच विचारतात, "हापसेवाली आहे का मोकळी?" पंपातला रबरी पडदा कधीतरी फाटतो. सुटा पडदा प्रत्येक गाडीत ठेवलेला असतो, चमच्यांच्या खालच्या कप्प्यात.