तुम्ही विचारलंत म्हणून: पहिला चरखा कुठला घ्यावा?

सोप्यावर कातायला बसले की जाणारा-येणारा थांबतो, थोडा वेळ बघतो आणि मग विचारतो, "मलाही शिकायचंय हो, पहिला चरखा कुठला घेऊ?" गेल्या चवथीला घरी आलेल्या तिघींनी हेच विचारलं. उभ्या उभ्या सांगितलेलं अर्धवट राहतं, म्हणून आज नीट लिहिते.

पेटी चरखा घ्या. पण त्याच्याही आधी एक टकळी, म्हणजे हाताने फिरवून सूत कातायची काडी, आणि शंभर ग्रॅम चांगले पेळू घ्या.

पेळू म्हणजे पिंजलेल्या कापसाची बोटाएवढी, सैल वळलेली गुंडाळी. मी सुरुवात केली तेव्हा हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या परसात देवकापसाचं झाड होतं. आजी त्याची सरकी काढून मांडीवर वाती वळायची. त्यामुळे कापूस तो कापूस, असं मला वाटायचं. मी औषधांच्या दुकानातून गुंडाळी आणली आणि नव्या चरख्यावर बसले. वीतभर सूत निघायचं आणि तुटायचं. दोन महिने मी चरख्याला दोष दिला. तो कापूस पाणी शोषण्यासाठी केलेला असतो, त्यातलं नैसर्गिक मेण धुऊन काढलेलं असतं, तंतूही बहुधा आखूड आणि दाबून बसवलेले. त्यातून सूत ओढणं सरावलेल्या हातालाही जड जातं. आपल्याकडे जांभ्याची जमीन आणि एवढा पाऊस, कापसाची शेती नाहीच. माझे पेळू वर्ध्याकडून टपालाने येतात. म्हणून माझं पहिलं सांगणं हे की, पेळू कोण देणार ते आधी ठरवा, मग चरख्याकडे वळा.

टकळी का, तर ती हाताला थांबायला शिकवते. एक काडी, तिला एक चकती, बस्स. पूर्वी जानव्याचं सूत घरोघर तिच्यावरच कातलं जायचं. पीळ कधी पुरे झाला आणि कापूस कधी सोडायचा, हे बोटांना कळायला महिनाभर लागतो. चरख्यावर हेच इतक्या वेगाने घडतं की नवख्याला नेमकं कुठे चुकलं ते दिसतच नाही.

आता पेटी चरखा. गांधीजींनी तो 1930 च्या सुमारास येरवड्याच्या तुरुंगात सुधारून घेतला, म्हणून त्याला यरवडा चक्रही म्हणतात. बंद केला की पेटी, उघडला की चरखा. मोठं चाक दोरीने लहान चाकाला फिरवतं आणि लहान चाक चातीला, म्हणजे टोकदार लोखंडी काडीला. वेग असा दोनदा वाढतो. सूत चातीच्या टोकाशी तिरकं धरलं की दर फेऱ्याला ते टोकावरून निसटतं आणि एक पीळ चढतो. पुरेसा पीळ बसला की चाक थोडं उलटं फिरवायचं, सूत काटकोनात आणायचं आणि चातीवर गुंडाळायचं. कापसाचा तंतू जेमतेम इंचभर, त्याला पीळ भरपूर लागतो, म्हणून हा वेग.

व्हिडिओत दिसणारा पायाने चालवायचा सुंदर लाकडी चरखा अनेकींच्या मनात भरतो. तो प्रामुख्याने लोकरीसारख्या लांब तंतूंसाठी आहे. लोकरीचे तंतू लांब, त्यांना कमी पीळ पुरतो. साध्या पायचरख्यावर चाकाच्या एका फेऱ्यात पाच ते पंधरा पीळ पडतात, आणि तो सूत आत ओढूनही घेतो. आखूड कापूस त्या ओढीला टिकत नाही. जुळवाजुळव करून त्यावर कापूस काततात, पण पहिल्या वर्षी नको. अंबर चरखाही नको. तमिळनाडूच्या एकांबरनाथांचा तो शोध फार मोठा आहे, पण त्यात कापूस ओढायचं काम रूळ करतात. उत्पादनाला उत्तम, मात्र तुमची बोटं त्यातून शिकणार नाहीत.

1929 मध्ये गांधीजींच्या अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. बाईला तो आठ तास फारसं न थकता चालवता यावा आणि तो वीस वर्षं टिकावा, अशा अटी त्यात होत्या. दुकानात पेटी चरख्यासमोर बसताना मला या दोन अटी आठवतात.

घेताना पेटी उघडून जमिनीवर ठेवा आणि दहा मिनिटं स्वतः फिरवा. चातीच्या टोकावर नजर ठेवा. टोक थरथरत असेल तर चाती वाकलेली आहे, घेऊ नका. चातीवर शाईचा ठिपका देऊन मोठं चाक सावकाश एकदा फिरवा आणि ठिपका किती वेळा वर येतो ते मोजा. चाकाच्या एका फेऱ्यात किती पीळ पडतात ते त्यातून कळतं; हा आकडा दुकानदाराला विचारण्यापेक्षा स्वतः काढलेला बरा. नक्षी, पॉलिश याकडे बघू नका. दोन जास्तीच्या चात्या मात्र मागून घ्या. माझ्या पहिल्या चरख्यासोबत एकच होती, ती पडून वाकली आणि चरखा तीन महिने कोपऱ्यात राहिला.

आपल्याकडच्या पावसाचंही सांगायला हवं. दमट हवेत कापूस छान काततो, सूत कमी तुटतं, म्हणून मला आषाढ-श्रावणात कातायला आवडतं. पण लाकूड फुगतं, दोरी आवळते, चातीला रातोरात तांबेरा चढतो. उठताना दोरी सैल करा, चातीवरून शिलाई मशीनच्या तेलाचा बोळा फिरवा. पेळू झाकणाच्या डब्यात ठेवा, नाहीतर बुरशी धरते.

आणि पहिल्या महिन्याचं जाडंभरडं, गाठीगाठींचं सूत टाकून देऊ नका. चौपदरी वळून त्याच्या समईच्या वाती होतात. माझ्या पहिल्या सुताच्या वाती आजीने तुळशीपुढे लावल्या होत्या.