एजंटच्या टूल्ससाठी सुरक्षा धोरण लिहिताना

एआय एजंटला, म्हणजे टूल्स वापरून स्वतः कामं करणाऱ्या भाषा-मॉडेलला, 'फाइल डिलीट करू नकोस' असं सिस्टिम प्रॉम्प्टमध्ये (सुरुवातीलाच दिलेल्या सूचनांमध्ये) बजावलं की झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण एजंट जो ईमेल वाचतोय त्यातच कुणी उलटी सूचना दडवली असेल, तर मॉडेलच्या लेखी दोन्ही मजकूरच. म्हणून नियम मॉडेलच्या बाहेर ठेवले: मध्ये एक गेटवे, म्हणजे तपासणी नाका, आणि टूलचा प्रत्येक कॉल तिथूनच पुढे.

सुरुवात टूल्सच्या यादीने केली. प्रत्येकापुढे तीन प्रश्न: खाजगी माहिती वाचतं का? बाहेरचा बेभरवशाचा मजकूर आत आणतं का? काही बाहेर पाठवू शकतं का? तिन्ही गोष्टी एकाच सेशनमध्ये जमल्या की माहिती फुटायचा रस्ता तयार. सुटं टूल बघून हे कळतच नाही. त्यामुळे नियम सेशनला लावला: एकदा बाहेरचं वेबपेज वाचलं की त्यानंतर ईमेल पाठवायला माणसाची मंजुरी लागेल.

धोरणाचे नियम लिहायची भाषा म्हणून सीडर किंवा 'ओपन पॉलिसी एजंट' या साधनाची रेगो, दोन्ही चालतात. सीडरमध्ये परवानगी दिली नसेल तर नकारच, आणि मनाईचा नियम परवानगीवर मात करतो. रेगोमध्ये 'डीफॉल्ट नकार' आपण लिहावा लागतो. तो राहिला आणि एकही नियम लागू झाला नाही, तर उत्तर 'नाही' असं येत नाही, उत्तरच येत नाही. गेटवेने या रिकाम्या उत्तराला होकार समजलं की संपलंच.

खरा वेळ गेला आर्ग्युमेंट्सवर, म्हणजे कॉलसोबत टूलला दिलेल्या तपशिलांवर, कारण टूलच्या नावावर परवानगी देणं जवळजवळ निरुपयोगी असतं. फाइलचा पाथ आधी पूर्ण उलगडायचा, सिमलिंकसकट (दुसऱ्या जागेकडे नेणारे दुवे), आणि मगच तो ठरलेल्या फोल्डरच्या आत आहे का ते बघायचं. नुसती सुरुवातीची अक्षरं जुळवली तर दोन टिंबांचा ('एक फोल्डर वर' सांगणारा) पाथ बाहेर निसटतो. शेलचं, म्हणजे कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामचंही तेच. फाइल शोधणाऱ्या 'फाइंड'ला निरुपद्रवी म्हणून सोडलं, तर त्याच्या 'एक्झेक' पर्यायातून हवी ती कमांड चालते. कमांड एका सलग स्ट्रिंगऐवजी आर्ग्युमेंट्सच्या यादीत घ्यावी आणि मधे शेल ठेवूच नये. डेटाबेसला 'सिलेक्टने (डेटा वाचायच्या कमांडने) सुरू होतं का' हा रेजेक्स, म्हणजे अक्षरांचा नमुना जुळवणं, पुरत नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये सिलेक्टमधून बोलावलेलं फंक्शनही डेटा बदलू शकतं. फक्त वाचायचे हक्क असलेला वेगळा रोल आणि क्वेरीला वेळमर्यादा, हा उपाय टिकतो. यूआरएलसाठी डोमेनची मंजूर यादी, आणि प्रत्येक रीडायरेक्टनंतर पुन्हा तपासणी. नाहीतर मंजूर साइटवरून उडी मारून विनंती १६९.२५४.१६९.२५४ वर, म्हणजे सर्व्हरची अंतर्गत माहिती देणाऱ्या क्लाउडच्या मेटाडेटा सेवेपर्यंत पोचते.

एमसीपी (मॉडेलला बाहेरची टूल्स जोडायची प्रमाण पद्धत) सर्व्हरचं टूल स्वतःला 'फक्त वाचणारं' म्हणवतं तेव्हा तो त्याचा दावा असतो, पुरावा नव्हे. टूलचं वर्णन मॉडेल वाचतं, म्हणून तिथेही सूचना लपवता येते. मंजुरीच्या वेळी वर्णन आणि स्कीमा (आर्ग्युमेंट्सचा आराखडा) यांचा हॅश, म्हणजे मजकूर बदलला की बदलणारा ठसा, साठवला. तो बदलला की टूल बंद, पुन्हा तपासणी होईपर्यंत.

टोकन, म्हणजे प्रवेशाची डिजिटल किल्ली, ज्या वापरकर्त्याचं काम चालू आहे त्याचं, थोड्या वेळाचं. सामायिक सर्व्हिस अकाउंट दिलं, तर कमी हक्कांचा माणूसही एजंटमार्फत सगळं करून घेऊ शकतो.

मंजुरीच्या खिडकीत मॉडेलने केलेला सारांश नको, प्रत्यक्ष आर्ग्युमेंट्स हवेत. आणि खिडकी क्वचितच यावी. दर मिनिटाला विचारलं तर माणूस न वाचताच 'हो' दाबतो.

लागू करताना आधी धोरण नुसत्या नोंदीपुरतं चालवलं, कॉल न अडवता. कोणते खरे कॉल अडले असते ते त्यातून दिसलं आणि नियम सुधारून मगच अडवायला सुरुवात केली. नकार देताना 'हे धोरणाने बंद आहे' असं स्पष्ट उत्तर परत द्यावं. मोघम एरर मिळाली तर एजंट ती तांत्रिक अडचण समजतो आणि तेच काम शेलमधून करून बघतो. नोंदींमध्ये एका नकारापाठोपाठ दुसऱ्या टूलवर तोच पाथ दिसला, तर तो कॉल आधी उघडून पाहावा.