आजी आणि माळवद

मामाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या कॅबमध्ये होते. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला तो तुम्ही बातम्यांमध्ये बघितलाच असेल, मामाचं सोयाबीन काढायला आलं होतं आणि ते सगळं पाण्यात. मला वाटलं आता हा रडणार, मी मनात काय बोलायचं त्याची जुळवाजुळव करत होते, तर हा म्हणतो, "सोयाबीन गेलं माय. वाफसा आला की हरभरा पेरावं म्हणलाव. बी कुठलं घ्यावं जरा मोबाइलवर बघून सांग की." मी गप्पच. मग म्हणाला, "आई आसती तर तिनंबी हेच म्हणली आसती."

आई म्हणजे माझी आजी. तिच्याबद्दल लिहायचं किती दिवस मनात होतं, आज लिहून टाकते.

आमचं आजोळ लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीच्या जवळचं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी तिथे भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गावातली पोरं विसर्जन करून उशिरा आली आणि मामा तेव्हा विशीतला, तो मित्रांबरोबर देवळापुढच्या पारावरच लवंडला. म्हणून वाचला. आजोबा आणि धाकटा मामा घरात होते. आजीपण घरातच होती, पण एक तुळई तिरकी पडून भिंतीला अडकली आणि खाली एवढीशी पोकळी राहिली, त्यात ती. सकाळी दहाच्या सुमाराला मामाने आणि शेजारच्या दोघांनी हाताने माती उकरून तिला काढलं. त्या दोघांना काढलं तेव्हा काही उरलं नव्हतं. आम्ही सोलापूरला होतो, मी दुसरीत. आमच्याकडे फक्त फळीवरची भांडी पडली, आणि मम्मी म्हणाली मांजर असेल.

आकडे सांगायचे तर आठ ते दहा हजार माणसं गेली, कोणता आकडा धरता त्यावर आहे. ५२ गावं अख्खी उठवून दुसरीकडे वसवायला लागली. पण घरं कशी होती हे कळल्याशिवाय एवढी माणसं का मेली ते कळत नाही. दगडमातीच्या भिंती, हातभर रुंद, वर लाकडी तुळया आणि त्यावर मातीचं माळवद. उन्हाळ्यात आत इतकं गार लागायचं की पंखा नको. पण पावसाळ्याच्या आधी गळू नये म्हणून माळवदावर पांढरी माती टाकायची, दरवर्षी, म्हणजे वरचं ओझं वाढतच जायचं. आजी खूप वर्षांनी एकदा भाकरी थापता थापता सहज बोलावं तसं बोलली, "मीच टाकायचे की माती. पाट्या भरभरून." आणि पुढची भाकरी घेतली. मला त्या वयात काय बोलावं सुचलं नाही, आताही सुचत नाही.

अजून एक गोष्ट आहे जी मला जास्त छळते. त्याच्या आदल्या वर्षी, १९९२ च्या ऑक्टोबरात, त्या भागात धक्के बसले होते, जमिनीतून गुरगुरल्यासारखा आवाज यायचा म्हणे. आजोबांनी तेव्हा बाजा बाहेर काढल्या, घरचे सगळे महिनाभर अंगणात झोपले. मग थंडी पडली, काही होईना, आणि किती दिवस बाहेर झोपणार माणूस, सगळे परत आत गेले. तेव्हाच्या नकाशात तर आमचा भाग भूकंपाच्या सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमध्ये होता.

नंतरचे दिवस मम्मीकडून ऐकलेत. पाऊस थांबेना, चिता पेटेनात, एका सरणावर कितीतरी माणसं. आणि बघ्यांची गर्दी इतकी की मदतीच्या गाड्यांना रस्ता नाही. ट्रकने कपडे यायचे, रस्त्याच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढीग लागले, आजीला कोणीतरी एक लोकरीचा कोट दिला होता, मोठ्या बटणांचा, तो तिने गोठ्यात म्हशीच्या पिल्लाच्या अंगावर टाकला 😄 आणि पाव! ज्वारीच्या भाकरीवर जगलेल्या माणसांना रोज पाव. आठव्या-नवव्या दिवशी आजी मामाला म्हणाली बळद उकर, म्हणजे धान्य साठवायची कोठी. घरातलं बळद ढिगाऱ्याखाली होतं पण बंद होतं, वरची थोडी भिजलेली, खाली ज्वारी चांगली. लोक म्हणाले अगं दहावा व्हायचाय, घरात दोन माणसं गेलीत, हिला ज्वारीचं पडलंय. तिने त्यातली थोडी दळायला काढली आणि बाकीची पेरायला.

कारण रब्बीची पेरणी डोक्यावर होती ना. आणि बैल मेलेले. मावशीच्या सासरहून, लांबच्या गावातून, बैलजोडी आणली आणि मामाने ऑक्टोबरात पेरलं. मामा सांगतो की त्याला पेरायचं नव्हतं, त्याला मरायचंच होतं, सरळ शब्दांत सांगतो तो. "पण आई बांधावर येऊन बसायची. काय बोलायची न्हाई. मग काय करावं, तिफण धरली."

मला इथे 'आजी खूप खंबीर होती' वगैरे लिहायचं नाहीये. ती खंबीर नव्हती. ती घाबरलेली होती, आणि मरेपर्यंत घाबरलेलीच राहिली. आपल्याकडे संकटातून सावरलेल्या माणसाचं एक चित्र असतं ना, हसतमुख, व्हॉट्सॲपवर सूर्योदयाच्या फोटोसोबत येतं ते, तर तसं मी आमच्या घरात कधीच बघितलं नाही. आजीची भीती आणि आजीची पेरणी एकाच वेळी चालू होती, एक संपली की दुसरी असं काही नव्हतंच.

सरकारी घरं मिळाली. जमिनीप्रमाणे अ, ब, क वर्ग, २५०, ४०० आणि ७५० स्क्वेअर फूट. आमचं ब. शहरातल्या कॉलनीसारखे रुंद रस्ते, जुन्या गावात हाक मारली की शेजारीण यायची, इथे हाक पोचतच नाही अशी आजीची तक्रार. भूकंपात टिकेल असं घर म्हणून इंजिनिअर लोक समजावून सांगायचे आणि आजी मान डोलवायची आणि त्या घरात कडबा आणि धान्य ठेवायची. स्वतः बाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये. उन्हाळ्यात पत्रा तापून अंगाची लाही व्हायची, तरी तिथेच. ती एकटी नव्हती हं, गल्लीत बऱ्याच घरी हेच चित्र.

पुढे जी घरं पाडायची नव्हती ती मजबूत करायचं काम निघालं तेव्हा त्या भागातल्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं होतं, म्हणजे लोकांना आणि इंजिनिअरला जोडणाऱ्या. ज्या बायका चारचौघांत बोलत नव्हत्या त्या बांधकामातलं बोलायला लागल्या. आणि २००१ ला भुजला भूकंप झाला तेव्हा लातूरकडच्या बायका तिकडे गेल्या, कच्छच्या बायकांना आपलं सांगायला, घर बांधताना कुठे लक्ष ठेवायचं, काय मागायचं, कोणाला विचारायचं. हे ऐकलं तेव्हा आजीने काय विचारलं माहितीये? "तिथं झोपल्या कुठं त्या?"

माझं लग्न झाल्यावर ती एकदा पुण्याला आमच्याकडे आली. सहावा मजला. रात्री उठून बघते तर ही हॉलमध्ये, मेन दरवाजाला डोकं लावून, चादर टाकून झोपलेली, चपला उशाला. मी म्हटलं आजी आत बेडवर झोप ना. तर म्हणे पळायचं झालं तर? म्हटलं अगं सहावा मजला आहे. "मग? जिना हाय की." चार दिवस राहिली, चारही रात्री तिथेच, आणि दिवसा माझ्या बाल्कनीतल्या रिकाम्या कुंड्यांमध्ये मेथी पेरून गेली.

२०१८ ला गेली. त्याच शेडमध्ये, झोपेत.

हरभऱ्याचं बी मी बघून सांगितलं मामाला. महिन्याभराने पुन्हा फोन केला तेव्हा म्हणाला उगवण बरी आहे, एका कोपऱ्यात पाणी साचून सडलंय तेवढं पुन्हा टोबायला लागेल. नऊ वाजून गेले होते, फोनमधून कुत्री भुंकल्याचा आवाज येत होता. मी विचारलं, मामा, कुठे आहेस?

"कुठं म्हंजी? घरी हाय. भाहीर, बाजंवर."

थंडी पडायला लागलीये रे, आत जा ना.

"जाईन की," म्हणाला, आणि ज्वारीबद्दल बोलायला लागला.