ला पेलोसा : जिथे वाळूचाही हिशेब ठेवतात

इटलीच्या सार्डिनिया बेटाच्या वायव्य टोकाला, स्तिंतिनो गावापासून चार-पाच किलोमीटरवर ला पेलोसाचा किनारा आहे. पांढरी, बारीक वाळू आणि उथळ पाणी. बरंच आत चालत गेलं तरी पाणी कमरेच्या वर चढत नाही. समोर खडकावर १५७८ सालचा टेहळणी बुरूज, त्यामागे इझोला पियाना हे छोटं बेट आणि पलीकडे आसिनारा बेट. ऊन डोक्यावर असताना, साधारण १० ते २ या वेळात, पाण्याचा रंग सर्वात खुलतो.

आधी प्रवेशाचं. २०२० पासून उन्हाळी हंगामात इथे दिवसाला १५०० जणांनाच सोडतात. सुरुवातीला तिकीट ३.५० युरो होतं. चालू वर्षाचा दर आणि हंगामाच्या तारखा स्तिंतिनो नगरपालिकेच्या संकेतस्थळावर पाहून तिथूनच आरक्षण करावं. जुलै-ऑगस्टमध्ये आयत्या वेळी तिकीट मिळेल या भरवशावर जाऊ नये. मी तर सप्टेंबरच सुचवेन. उन्हाळाभर तापलेलं पाणी तेव्हाही २३-२४ अंशांवर असतं. जूनच्या सुरुवातीला ते चांगलंच गार लागतं.

दुसरी अट चटईची. टॉवेल थेट वाळूवर टाकायला बंदी आहे, खाली चटई हवीच. नसली तर दंड होतो. कारण सरळ आहे. ओल्या टॉवेलच्या धाग्यांत वाळू अडकते आणि टॉवेलबरोबर घरी जाते. रोज शेकडो टॉवेल म्हटलं की वर्षाअखेरीस किती वाळू गेली असेल, विचार करा. मागच्या वाळूच्या टेकड्यांवर रस्ता आणि बांधकामं आल्यापासून गेलेली वाळू भरून यायची वाटही अडली आहे. विणलेल्या चटईवरची वाळू मात्र झटकली की तिथल्या तिथे पडते. घरची घडीची चटई बॅगेच्या तळाशी सहज मावते, ती न्यावी. निघताना ती किनाऱ्यावरच झटकायची, पायही तिथेच धुवायचे. साबण-शाम्पू चालत नाही आणि सिगारेट ठरवून दिलेल्या जागीच ओढता येते.

बाटलीभर वाळू आठवण म्हणून आणणं हा सार्डिनियात गुन्हा आहे. २०१७ च्या प्रादेशिक कायद्यानुसार ५०० ते ३००० युरो दंड आहे. २०१९ मध्ये पोर्तो तोर्रेस बंदरावर एका फ्रेंच जोडप्याच्या गाडीत दक्षिणेकडच्या किया किनाऱ्यावरची ४० किलो वाळू सापडली होती. शंख आणि गोटेही उचलू नयेत.

काठावर कधी तपकिरी, सुकलेल्या पात्यांचे ढीग दिसतात. तो कचरा नव्हे. ती पोसिडोनिया, समुद्राच्या तळाशी वाढणारी फुलझाडाच्या जातीची वनस्पती. पाण्यातली तिची कुरणं लाटांचा जोर मोडतात आणि काठावरचे पात्यांचे थर वाळू धरून ठेवतात. फोटो बिघडतो म्हणून नाक मुरडणारे बरेच भेटतात. मला ते ढीग पाहून बरं वाटतं.

वाऱ्याचा अंदाज तिकिटाइतकाच महत्त्वाचा. वायव्येकडून मायस्त्राले सुटला तर कापो फाल्कोनेचं टोक आणि समोरची बेटं आडोसा देतात. पाणी फारसं उसळत नाही, पण वाळू अंगाला टोचत उडते. ईशान्येचा ग्रेकाले मात्र सरळ आखातात शिरतो, लाटा येतात आणि पाणी गढूळतं. अशा दिवशी नितळ पाण्याची आशा सोडावी.

सर्वात जवळचा विमानतळ आल्गेरो, साधारण ५० किलोमीटर. गाडी भाड्याने घ्यायची तर भारतीय परवान्याबरोबर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्यावा. चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्डही बहुतेक ठिकाणी मागतात. निळ्या पट्ट्यांची पार्किंगची जागा म्हणजे पैसे भरून उभी करायची जागा. गाडी नको असेल तर सास्सारीहून स्तिंतिनोला एसटीसारखी एआरएसटीची बस जाते. तिकीट बसमध्ये चढण्याआधीच कॉफी-बारमध्ये किंवा तंबाखूच्या दुकानात घ्यावं.

पाणी, टोपी आणि खाणं बरोबर ठेवावं. पाने कारासाऊ ही खाकऱ्यासारखी कुरकुरीत, पातळ भाकरी टिकते आणि शाकाहारींना चालते. सेआदास हा मध घातलेला चीजचा तळलेला गोड पदार्थ मात्र विचारून घ्यावा, कारण पारंपरिक पद्धतीत पिठाला डुकराची चरबी लावतात.

हाताशी आणखी एक दिवस असेल तर स्तिंतिनोहून बोटीने आसिनाराला जावं. १८८५ मध्ये तिथे तुरुंग-वसाहत आणि विलगीकरण केंद्र करायचं ठरलं, तेव्हा बेटावरून हलवलेल्या ४५ कुटुंबांनी स्तिंतिनो वसवलं. तुरुंग पुढे विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत चालला. आता ते राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथे पांढरी गाढवं मोकळी चरतात.

ला पेलोसावर सकाळचं तिकीट मिळालंच नाही, तर संध्याकाळी सहानंतर जावं. प्रवेशाचं बंधन सकाळी ८ ते संध्याकाळी ६ एवढंच असतं. उन्हाळ्यात त्यानंतरही दोन तास उजेड राहतो, गर्दी पांगते आणि बुरुजाच्या बाजूचं उथळ पाणी जवळपास मोकळं मिळतं. चटई मात्र तेव्हाही बरोबर असू द्या.