कच्चं लिंबू नको, पास द्या

गल्लीत फुटबॉल खेळणाऱ्या पोरांमध्ये मुलगी एकटीच असली की तिच्यासाठी दोनच जागा ठरलेल्या, एक तर गोलमध्ये उभी राहा नाहीतर कच्चं लिंबू. म्हणजे खेळ हं, पण बॉल मागू नको. मी दोन्ही केलंय आणि खरं सांगू का, गोलमध्ये उभं राहणं परवडलं, तिथे निदान बॉल अंगावर तरी येतो.

म्हणून मला मार्ताचं भारी अप्रूप आहे. ब्राझीलमधल्या दोइस रिआशोस नावाच्या छोट्या गावातली पोरगी, मुलींची टीमच नव्हती म्हणून रस्त्यावर पोरांशी खेळली, 14व्या वर्षी घर सोडून रिओत वास्को द गामा या क्लबकडे गेली, आणि पुढे 6 वेळा जगातली बेस्ट खेळाडू, वर्ल्डकपमध्ये 17 गोल! आणि हे कुठे, तर जिथे 1941 ते 1979 बायकांच्या फुटबॉलवर चक्क सरकारी बंदी होती, का तर म्हणे बाईच्या प्रकृतीला हा खेळ मानवत नाही. बंदी उठल्यावर 7 वर्षांनी मार्ता जन्मली, म्हणजे बंदी कागदावरून गेली तरी लोकांच्या डोक्यातून गेली नसणारच. 2018पासून ती यूएन वुमनची, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या महिलांसाठीच्या संस्थेची, सदिच्छा दूत आहे, 2019च्या वर्ल्डकपला स्पॉन्सरचा लोगो नसलेले बूट घालून उतरली, त्यावर फक्त समानतेचं चिन्ह, आणि गोल केल्यावर सरळ बुटाकडे बोट दाखवलं. मानलं बाईला.

पण मार्तासारखं टॅलेंट हजारात एखादीकडे असतं, बाकीच्या आमच्यासारख्यांनी काय करायचं? याचं उत्तर मला कोलंबियातल्या मेडेयीन शहरात सापडतं. वर्ल्डकपमध्ये सेल्फ गोल केलेल्या कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबार या खेळाडूचा 1994मध्ये तिथे गोळ्या घालून खून झाला, त्यानंतर तिथल्या टोळ्यांमधल्या पोरांना खेळाकडे वळवायला स्ट्रीट फुटबॉल सुरू केला गेला आणि त्यात एक नियम घातला: टीममध्ये मुली हव्यातच आणि पहिला गोल मुलीनेच करायचा, तोवर मुलांचे गोल धरायचे नाहीत.

आता बघा काय होतं. जो पोरगा चौघांना चकवून एकटाच पुढे पळतो त्याला मान वर करून बघावं लागतं की ती कुठे उभीये, तिच्या पायात नीट, हळू पास द्यावा लागतो, ती चुकली तर ओरडून उपयोग नाही कारण पुढच्या वेळीही तिच्याकडेच द्यायचाय. आणि तीही कोपऱ्यात न थांबता जागा शोधायला लागते.

ही सवलत झाली असं काही जण म्हणतात. कसली सवलत, कच्च्या लिंबाचा गोल धरत नाहीत, इथे तिच्या गोलशिवाय कुणाचाच धरत नाहीत!

शिवाय या प्रकारात रेफ्री नसतो, मॅचनंतर दोन्ही टीम बसून कोण कसं खेळलं ते बोलतात आणि एकमेकांना वागणुकीचे पॉइंट देतात, गोल आणि हे पॉइंट मिळून मग निकाल. मला फक्त एक गोष्ट खटकते, पहिला गोल झाला की पोरांचे पास पुन्हा आटणार. माझं ऐकाल तर दर दुसरा गोल मुलीचाच ठेवा.